फुकट जागेचं बिल: ड्रॉपबॉक्सच्या वाढीचा हिशेब

इंटरनेटवर फाइल साठवून देणाऱ्या ड्रॉपबॉक्सची गोष्ट सांगायला बसलं की बहुतेक जण एकाच ठिकाणी रमतात: मित्राला बोलवा, दोघांनाही जास्तीची जागा मिळवा. या युक्तीने १५ महिन्यांत १ लाखाचे ४० लाख वापरकर्ते झाले, असं सांगून गोष्ट संपते. आकडे खरे आहेत. कंपनीचा संस्थापक ड्रू ह्यूस्टन याने २०१० मध्ये ते स्वतःच जाहीरपणे मांडले होते. पण डिजिटल बाजारात छोटी कंपनी कशी वाढते आणि वाढल्यावर कशी तगते, हे समजून घ्यायचं तर गोष्टीचा उरलेला अर्धा भाग जास्त कामाचा आहे. वाटलेली ती जागा कुठल्यातरी हार्ड डिस्कवर होती, आणि त्या डिस्कचं भाडं दर महिन्याला कोणीतरी भरत होतं. मी हे प्रकरण त्या भाड्याच्या बाजूने वाचणार आहे.

सुरुवात थोडक्यात. ह्यूस्टन आणि आरश फिरदौसी, दोघेही अमेरिकेतल्या एमआयटीचे विद्यार्थी. २००७ च्या उन्हाळ्यात वाय कॉम्बिनेटर या नव्या कंपन्यांना भांडवल आणि मार्गदर्शन देणाऱ्या संस्थेच्या तुकडीत त्यांना जागा मिळाली. फाइल एका संगणकावर आणि आपण दुसऱ्यासमोर, ही अडचण तेव्हा सगळ्यांचीच होती. लोक पेन ड्राइव्ह घेऊन फिरत, नाहीतर फाइल स्वतःलाच ईमेल करून ठेवत. इंटरनेटवर फाइल साठवून देणाऱ्या कंपन्याही बाजारात बऱ्याच होत्या, त्यामुळे आणखी एक कशाला, हा गुंतवणूकदारांचा प्रश्न रास्तच होता. दोघांचं उत्तर इतकंच होतं की जे आहे ते नीट चालत नाही. त्यांनी संगणकावर एक साधं फोल्डर दिलं. त्यात टाकाल ते दुसऱ्या संगणकावर आपोआप दिसेल. बटणं नाहीत, शिकायचं काही नाही.

हे साधेपण आतून फार अवघड होतं. वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम, मध्येच तुटणारं इंटरनेट, एकच फाइल दोघांनी एकाच वेळी बदलणं, हे सगळं सांभाळून एकही फाइल हरवायची नाही. त्यामुळे उत्पादन बाजारात यायला वेळ लागला. तोवर त्यांनी व्हिडिओ दाखवले. पहिला एप्रिल २००७ मध्ये हॅकर न्यूज या प्रोग्रामर मंडळींच्या चर्चास्थळावर, दुसरा मार्च २००८ मध्ये डिग या दुवे सुचवून त्यांना मतं देण्याच्या वेबसाइटवर. दुसऱ्या व्हिडिओत डिगच्या मंडळींनाच कळतील असे विनोद जागोजागी पेरले होते. एका दिवसात प्रतीक्षा यादी ५ हजारांवरून ७५ हजारांवर गेली. उत्पादन लोकांच्या हातात पडायच्या आधीच मागणी आहे की नाही याचा अंदाज त्यांना आला, आणि तोही जवळपास फुकटात.

जाहिरातीने दिलेला दणका

सप्टेंबर २००८ मध्ये ड्रॉपबॉक्स सगळ्यांसाठी खुलं झालं आणि कंपनीने तेच केलं जे अशा वेळी सगळे करतात. सर्च जाहिरातींतला, म्हणजे गूगलवर काही शोधलं की बरोबर दिसणाऱ्या जाहिरातींतला, अनुभवी माणूस नेमला, शोधशब्द निवडले, त्यांच्यासाठी वेगळी पानं बनवली. हिशेब आला तेव्हा पैसे भरणारा एक ग्राहक मिळवायला २३३ ते ३८८ डॉलर पडत होते. त्याला विकायच्या वस्तूची किंमत होती वर्षाला ९९ डॉलर.

इथे एक तपशील आहे. या जाहिरातींतून येणाऱ्यांसाठी कंपनीने फुकट खात्याचा पर्याय लपवून ठेवला आणि त्याजागी ठरावीक मुदतीची चाचणी दिली. आकडा सुधारावा म्हणून. मला हा तपशील ३८८ डॉलरपेक्षाही बोलका वाटतो. फुकट खातं ही या उत्पादनाची सगळ्यात मोठी ताकद होती, आणि वाढीच्या नादात कंपनी तीच ताकद येणाऱ्यांपासून झाकून ठेवत होती. ज्या दिवशी विपणनाचा आकडा सांभाळण्यासाठी उत्पादन मुद्दाम वाईट करावं लागतं, त्या दिवशी तो मार्ग आपला नाही हे ओळखायला हरकत नसावी. कितीतरी कंपन्या मात्र तेव्हा शोधशब्द बदलत बसतात.

जाहिरात का चालली नाही? सर्च जाहिरात आधीपासून असलेली मागणी गोळा करते. विमान तिकीट, विमा, वकील, यांची लोकांना गरज आहे हे त्यांना ठाऊक असतं आणि ते शोधतात. पेन ड्राइव्हचा कंटाळा आलेला माणूस मात्र गूगलवर काही शोधत नव्हता, कारण त्या कंटाळ्यावर उपाय आहे हेच त्याला माहीत नव्हतं. जे थोडे शोधत होते, त्यांच्यासाठी बोली लावायला बाकीच्या कंपन्याही उभ्याच होत्या आणि भाव चढलेले होते.

आश्चर्य म्हणजे हे सगळं चालू असताना वापरकर्ते वाढतच होते. जाहिरातीवाचून. एक जण वापरायचा, दुसऱ्याला सांगायचा. मग कंपनीने आपलं बळ तिकडे वळवलं.

९० सेंटचा बक्षीस समारंभ

ऑनलाइन पैसे पाठवण्याची सेवा देणाऱ्या पेपालने सुरुवातीच्या काळात नवा सदस्य आणि त्याला आणणारा, दोघांनाही रोख डॉलर दिले होते. ड्रॉपबॉक्सने तोच दुतर्फी नमुना उचलला, फक्त रोकड न देता जागा दिली. मूळ खातं २ जीबीचं. मित्र आला की त्याला २५० एमबी, तुम्हालाही २५० एमबी, जास्तीत जास्त ८ जीबीपर्यंत. नोंदणीचं प्रमाण ६० टक्क्यांनी वाढलं आणि तसंच टिकलं. एप्रिल २०१० च्या आसपास वापरकर्ते महिन्याला २८ लाख आमंत्रणं पाठवत होते. रोजच्या नव्या नोंदणींपैकी ३५ टक्के या योजनेतून येत, आणखी २० टक्के सामायिक फोल्डरमधून.

ते २० टक्के लोकांच्या नजरेतून सुटतात. सामायिक फोल्डरला बक्षीस नव्हतं, योजना नव्हती. कामाच्या फाइल सहकाऱ्याला दाखवायच्या तर त्याचंही खातं लागायचं, एवढंच. उत्पादन नेहमीसारखं वापरतानाच नवा माणूस आत यायचा. शिवाय असा माणूस सहसा सोडून जात नाही, कारण फोल्डर दोघांचं असतं आणि एकट्याने बाहेर पडायचं म्हणजे दुसऱ्याचीही अडचण करायची.

आता भाडं. ड्रॉपबॉक्सने फाइलींची नावं, आवृत्त्या, कोणाचं काय याच्या नोंदी स्वतःच्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या. प्रत्यक्ष मजकूर मात्र ॲमेझॉनच्या एस३ या भाड्याच्या साठवण सेवेवर असायचा. तेव्हा तिचा मूळ दर होता जीबीमागे महिन्याला १५ सेंट. या दराने साधा गुणाकार करून पाहू.

मित्राला आणल्याचं बक्षीस दोघांचं मिळून अर्धा जीबी. दोघांनी ते पूर्ण भरलं तर महिन्याला साडेसात सेंट, वर्षाला ९० सेंट. २३३ डॉलरच्या जागी ९० सेंट! इथपर्यंत गोष्ट गोड आहे.

पण बक्षिसातून मिळतो तो नोंदणी करणारा. पैसे भरणारा मिळेलच असं नाही. कंपनी २०१८ मध्ये शेअर बाजारात आली तेव्हा ५० कोटी नोंदणीकृत वापरकर्त्यांपैकी १ कोटी १० लाख पैसे भरत होते, म्हणजे ४५ जणांत एक. तेच प्रमाण सुरुवातीच्या वर्षांना लावलं तर एका गिऱ्हाइकामागे ४५ खाती पोसायची. प्रत्येक खातं २ जीबी गच्च भरलं तर वर्षाला ३ डॉलर ६० सेंट, ४५ खात्यांचे १६२ डॉलर. वर ४५ बक्षिसांचे, प्रत्येकी ९० सेंटांनी, ४० डॉलर. झाले दोनशेच्या घरात, आणि हे दर वर्षी. जाहिरातीचे २३३ निदान एकदाच द्यायचे होते. बरं, ज्याच्याकडून ९९ डॉलर मिळायचे त्या ग्राहकाला ५० जीबी देऊ केले होते. त्याने ते पूर्ण वापरले तर एकट्या त्याच्या साठवणुकीचे वर्षाला ९० डॉलर. हाती उरले नऊ.

हा हिशेब माझा आहे, कंपनीचा नाही, आणि मोठ्या ग्राहकाला दरात मिळणारी सूट त्यात धरलेली नाही. पण कागदावर हा धंदा बुडीत दिसतो, ही गोष्ट त्या सवलतीने बदलत नाही. तो बुडाला नाही याची कारणं तीन, आणि त्यातली पहिली दोन उत्पादनाच्या पोटात दडलेली होती.

पहिलं, लोक जागा भरत नाहीत. जास्तीची जागा मिळाली याचा आनंद लगेच होतो, तिचा खर्च मात्र ती वापरली तरच येतो. मार्च २०१६ मध्ये कंपनीने ५० कोटी नोंदणी आणि ५०० पेटाबाइटहून अधिक साठा (एक पेटाबाइट म्हणजे सुमारे १० लाख जीबी) असे आकडे दिले. भागाकार करा: माणशी साधारण १ जीबी. यात टेराबाइटवाले पैसेदार ग्राहकही आले. पेपालच्या रोख डॉलरबाबत हे शक्य नव्हतं, दिलेला डॉलर गेलाच.

दुसरं, फाइल जशीच्या तशी साठवली जात नव्हती. तिचे ४ एमबीचे तुकडे व्हायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या मजकुरावरून त्याची ओळख ठरायची. मोठ्या फाइलीत एक ओळ बदलली तर तेवढाच तुकडा पुन्हा चढायचा. तोच तुकडा आधीपासून साठ्यात असेल तर, मग तो दुसऱ्या कोणाचा का असेना, सुरुवातीच्या काळात तो परत साठवलाच जात नसे. एकच गाणं हजार जणांनी ठेवलं तरी डिस्कवर एकदाच. वापरकर्त्याला यातून वेग मिळायचा, कंपनीला बचत. दोघांचं हित एकाच तंत्रात बसवलेलं असं उदाहरण फार वेळा सापडत नाही.

तिसरं, साठवणुकीचे दर उतरत होते. १५ सेंटचा तो दर २०१६ च्या अखेरीस अडीच सेंटांच्याही खाली आला. हे कंपनीचं कर्तृत्व नव्हतं, पण ज्या खर्चाचा कल खाली आहे तोच उदार हाताने वाटायला काढणं, ही निवड नक्कीच तिची होती. नव्या कंपनीने काय फुकट द्यावं याचा विचार करताना मला ही कसोटी उपयोगी वाटते. माणसाचा वेळ फुकट दिला तर वाढीबरोबर तो महागच होत जातो.

उतरणारा दर सगळ्यांसाठी उतरतो

डिसेंबर २००९ मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सने दोघा संस्थापकांना भेटायला बोलावलं होतं. कंपनी विकत घेण्यात त्याला रस होता, यांना विकायची नव्हती. ड्रॉपबॉक्स ही एक सोय आहे, स्वतंत्र उत्पादन नव्हे, असं त्याचं मत होतं. २०११ च्या जूनमध्ये ॲपलची स्वतःची साठवण सेवा, आयक्लाउड, जाहीर झाली. मग २४ एप्रिल २०१२ ला गूगल ड्राइव्ह आलं: ५ जीबी फुकट आणि १०० जीबीला महिन्याला ४ डॉलर ९९ सेंट. ड्रॉपबॉक्स तेव्हा ५० जीबीचे ९ डॉलर ९९ सेंट घेत होतं.

पुढे जे झालं ते अपेक्षितच होतं. जुलै २०१२ मध्ये त्याच ९.९९ मध्ये १०० जीबी. मार्च २०१४ मध्ये गूगलने १ टेराबाइट ९.९९ ला आणलं आणि ऑगस्टमध्ये ड्रॉपबॉक्सनेही तेच केलं. दोन वर्षांत तेवढ्याच पैशांत वीसपट जागा. ज्या घसरणीवर फुकट खात्यांचा डोलारा उभा होता, तीच घसरण आता पैसे देणाऱ्या ग्राहकाच्या बाजूने सुरू झाली होती. आणि समोरचे प्रतिस्पर्धी असे, की त्यांना साठवणुकीतून नफा मिळाला नाही तरी चालणार होतं. एकाला फोन विकायचे होते, दुसऱ्याला जाहिराती.

मधल्या काळात विश्वासालाही तडे गेले. जून २०११ मध्ये एका चुकीच्या बदलामुळे सुमारे चार तास कोणताही पासवर्ड टाकून कोणाच्याही खात्यात शिरता येत होतं. २०१२ मध्ये चोरीला गेलेली माहिती किती मोठी होती, ६ कोटी ८० लाखांहून अधिक खात्यांची, हे २०१६ मध्ये उघड झालं. वाढीचा वेग आणि घराची कुलपं यांचं गणित नव्या कंपन्यांत नेहमीच मागे पडतं.

या कोंडीत कंपनीने दोन वाटा धरल्या. एक वाट सगळ्यांना दिसणारी होती. मार्च २०१३ मध्ये मेलबॉक्स हे ईमेलचं गाजणारं ॲप विकत घेतलं, एप्रिल २०१४ मध्ये फोटोंसाठी कॅरोसेल आणलं. डिसेंबर २०१५ मध्ये दोन्ही बंद करत असल्याचं जाहीर केलं. ॲप वाईट नव्हती. पण फोटो आणि ईमेल ही ज्यांच्या घरचीच मैदानं, त्यांच्याशी तिथे जाऊन झुंजायचं आणि तेही पैसे कुठून येणार हे न ठरवता, याला वाढीची हाव म्हणावं लागेल. १० अब्ज डॉलर मूल्यांकनावर २०१४ मध्ये भांडवल उभारलेल्या कंपनीला काहीतरी मोठं दाखवावं लागतं, हेही खरं.

दुसरी वाट कोणाला दिसत नव्हती. कंपनी स्वतःची साठवण यंत्रणा बांधत होती, नाव मॅजिक पॉकेट. स्वतः आखलेले सर्व्हर, स्वतःचं सॉफ्टवेअर, भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये. आधी काही महिने डेटा दोन्हीकडे ठेवून पाहिला, मग एस३ वरून सरकवायला सुरुवात केली. ऑक्टोबर २०१५ पर्यंत ९० टक्क्यांहून जास्त डेटा घरच्या यंत्रणेवर आला होता. वापरकर्त्याला कळलंही नाही, आणि कळू नये हीच अट होती.

शेअर बाजारासाठी दिलेल्या कागदपत्रांत याचं फळ दिसतं. पायाभूत यंत्रणेच्या या फेरबदलातून दोन वर्षांत ७ कोटी ४६ लाख डॉलर वाचले. ढोबळ नफ्याचं, म्हणजे सेवा पुरवण्याचा थेट खर्च वजा जाऊन महसुलातून उरणाऱ्या रकमेचं, प्रमाण २०१५ मध्ये ३३ टक्के होतं, २०१६ मध्ये ५४ आणि २०१७ मध्ये ६७ टक्के झालं. याच काळात महसूल ६० कोटींवरून ११० कोटी डॉलरवर गेला.

या ठिकाणी वेळ महत्त्वाची. हीच यंत्रणा २००८ मध्ये बांधायला घेतली असती तर कंपनी पहिल्या वर्षीच संपली असती. तेव्हा किती लोक येतील, किती साठवतील, काहीच माहीत नव्हतं. ॲमेझॉनला जीबीमागे जास्त पैसे देऊन ती आपली अनिश्चितता विकत होती. आठ वर्षांनी वापराची रेषा इतकी नियमित झाली होती की अनिश्चिततेचे पैसे मोजायचं कारण उरलं नव्हतं. शिवाय कंपनीची गरज एकाच प्रकारची होती: मोठाले तुकडे लिहायचे, क्वचित वाचायचे, कधी हरवायचे नाहीत. अशी एकसुरी गरज असेल तरच स्वतःची यंत्रणा परवडते. ड्रॉपबॉक्सचं नाव घेऊन क्लाउड, म्हणजे एस३ सारख्या भाड्याच्या सेवा, सोडायला निघालेल्या कंपन्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

पंचेचाळिसातला एक

२३ मार्च २०१८ ला २१ डॉलर भावाने ड्रॉपबॉक्सचा शेअर अमेरिकेच्या नॅस्डॅक शेअर बाजारात आला. तेव्हाही महसुलाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग असा होता की ग्राहकाने स्वतःच वेबसाइटवर येऊन कार्ड टाकलं होतं, विक्रेता मध्ये नव्हता. फोल्डर वाटलं, मित्र आला, जागा संपली, पैसे भरले: २००८ चीच साखळी दहा वर्षांनीही कमाई करत होती.

तिची मर्यादाही त्यातच होती. एकेकटा माणूस किंवा पाच जणांचं छोटं ऑफिस या साखळीतून येतं. हजारो कर्मचाऱ्यांची कंपनी येत नाही. तिथे निर्णय माहिती तंत्रज्ञान विभाग घेतो आणि त्याने मायक्रोसॉफ्ट किंवा गूगलचं पॅकेज आधीच घेतलेलं असतं, त्यात साठवण आलीच. ड्रॉपबॉक्सने २०११ मध्येच संघांसाठी योजना आणली होती, पण मित्राच्या आमंत्रणावर वाढलेल्या कंपनीला खरेदी विभागाच्या दारात थांबणं फारसं जमलं नाही. जमायला हवं होतं का, याबद्दल मतभेद असू शकतात. माझ्या मते विक्रेत्यांची फौज उभी केली असती तर ढोबळ नफ्यातला मोठा वाटा तिच्यावरच खर्च झाला असता.

मार्च २०१९ मध्ये कंपनीने नव्या फुकट खात्यांना तीन उपकरणांची मर्यादा घातली. कितीही संगणक जोडा म्हणणारं ते फोल्डर आता मोजून मिळू लागलं. वाढीपेक्षा वसुलीकडे लक्ष वळल्याची ती उघड खूण होती. २०२४ च्या अखेरीस पैसे भरणारे ग्राहक १ कोटी ८२ लाख होते, आदल्या वर्षापेक्षा जेमतेम १ लाखाने जास्त. पैसे भरणाऱ्या ग्राहकामागे वार्षिक उत्पन्न मात्र २०१७ मधल्या ११२ डॉलरवरून १४० च्या आसपास गेलेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये २० टक्के कर्मचारी कमी केले, आणि त्या वर्षभरात सगळे खर्च जाऊन हातात उरलेली रोकड होती सुमारे ८७ कोटी डॉलर.